प्रागमधली हुंडणावळ

परदेशाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे प्रश्नांची ददात पडत नाही. थंडी किती होती, जेवणाखाण्याचे हाल झाले का, तिकडची माणसे शिष्ट असतात की बोलकी, असे सगळे काही विचारले जाते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर मला आठ दिवस पुरतील इतके प्रश्न आले. पण "पैसे कुठे बदललेस आणि काय भावाने?" हा प्रश्न एकाच व्यक्तीने विचारला. ती म्हणजे माझी थोरली बहीण. आणि ज्या एका प्रश्नाला मी मनातून भीत होतो, तो नेमका हाच होता.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मध्य युरोपच्या सहलीला गेलो. एका प्रवासी कंपनीबरोबर, म्हणजे सकाळी सहाला उठा, आठला बसमध्ये बसा आणि सांगितले तेथे उतरून सांगितले तेवढे पहा, अशा थाटाची ती सहल. आयुष्यातली पहिली, आणि हिच्या मते शेवटची. निघण्यापूर्वी ताईचा निरोप घ्यायला औरंगाबादला गेलो. (शहराचे नाव २०२३ मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पण ताईच्या तोंडातून अजून जुनेच निघते.) चहा झाल्यावर तिने कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून रबर लावलेले पुडके माझ्यापुढे ठेवले. सदतीस हजार रुपये.

माझे मेहुणे शेंद्र्याला मोटारीच्या कारखान्यात होते. कारखाना मुळात चेक लोकांचा. त्यामुळे तिकडचे इंजिनियर येत-जात असत. त्यांपैकी कोणाच्या तरी बायकोच्या कानांत ताईने लालभडक खड्यांची कुडी पाहिली. आपल्याकडे ज्याला तामडा म्हणतात तो खडा. बोहेमियाचा तामडा जगात नावाजलेला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. मेहुणे तेव्हा म्हणाले होते, "कधीतरी आणू तुला." ते राहून गेले. मेहुणे गेले त्याला आता सहा वर्षे होतील. भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. ताई म्हणाली, "माझ्यासाठी नको आता. पोरीला होतील. आणि हे बघ, जेवढे दिलेत तेवढ्यातच बसव. तुझे घालू नकोस."

ताई जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेली आहे. तिच्या पैशांत आपले पैसे मिसळून तिला फसवणे हे मोठमोठ्या अधिकाऱ्यांना जमले नाही, मला काय जमणार?

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे पैशाच्या व्यवहारात मला पैशापेक्षा शब्द आधी दिसतात. चलन बदलण्याच्या व्यवहाराला आपल्या भाषेत 'हुंडणावळ' असा एक सुरेख शब्द आहे. आता तो पंचांग आणि जुने दप्तर यांच्यापुरताच उरला. पण त्याच व्यवहारातला 'बट्टा' मात्र घरोघर टिकून आहे. नाणे बदलून देताना सराफ जी काट घेई तो बट्टा. पेशवाईत मुलूख तितकी नाणी होती, आणि एका बाजारातला रुपया दुसऱ्या बाजारात पुरत्या रुपयाला जात नसे. त्यातूनच नावाला बट्टा लागू लागला. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. मुले ऐकून घेतात.

हे पुस्तकी ज्ञान नव्हे. आमच्या आजीचे माहेर जालन्याचे आणि सासर देऊळगावराजाचे. अंतर म्हणाल तर बैलगाडीने एका दिवसाचे. पण जालना निजामाच्या राज्यात आणि देऊळगाव वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलात. माहेरी हाली सिक्का, सासरी कलदार. सहा कलदारांना सात हाली हा सरकारी हिशेब तिला झोपेतही येई. माहेरी निघताना ती कलदार पदराला बांधून नेई आणि जालन्याच्या पेठेत तीन दुकाने फिरल्याशिवाय मोडत नसे. हाली सिक्का १९५९ मध्ये कायमचा बंद झाला, पण आजी जाईपर्यंत कोणी काही किंमत सांगितली की विचारी, "हाली का कलदार?" ताईने तो वारसा घेतला. माझ्या वाट्याला व्युत्पत्ती आली.

तर ताईचे पैसे घेऊन मी पुण्यात आलो आणि युरो घ्यायच्या खटपटीला लागलो. झेकियात चालतो तो कोरुना. हा देश २००४ मध्ये युरोपीय संघात गेला खरा, पण स्वतःचे नाणे सोडायला तयार झालेला नाही. आपल्याकडे कोरुना सहजासहजी मिळत नाही, आणि मिळालाच तर भाव असा सांगतात की त्यापेक्षा सोने घ्यावे. आपला रुपया तिकडे नेऊन मोडू म्हणावे, तर तिथल्या बहुतेक दुकानांच्या फलकावर त्याचे नावच नसते. म्हणून इथून युरो न्यायचे आणि तिथे त्यांचे कोरुना करायचे. म्हणजे दोनदा हुंडणावळ आणि दोनदा बट्टा.

पहिला बट्टा मी शहाण्या माणसासारखा दिला, हे आधी नोंदवून ठेवतो. कारण पुढची हकीकत ऐकून वाचकांचा माझ्याविषयी भलता समज होईल. त्या आठवड्यात बाजारात युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. हा भाव वर्तमानपत्रात छापतात, मोबाईलवरही दिसतो. पण त्या भावाने तुम्हाआम्हाला कोणी युरो देत नाही. तो मोठ्या बँकांचा आपसातला. आपल्याला तो फक्त मोजपट्टी म्हणून उपयोगी. माझे खाते आहे त्या बँकेने साडेत्र्याण्णव सांगितले. डेक्कनवरच्या एका परवानाधारक दुकानात एक्क्याण्णव चाळीस. ४०० युरोंवर फरक आठशे चाळीस रुपयांचा. वर जीएसटी लागतो, तो पूर्ण रकमेवर नव्हे. लाखाच्या आतल्या व्यवहारात रकमेचा एक टक्का धरून त्यावर अठरा टक्के, म्हणजे मला सहासष्ट रुपये. पासपोर्ट, तिकीट आणि पॅन कार्ड दाखवावे लागले. रोख देऊन घ्यायचे तर पन्नास हजारांच्या आत. एका खेपेला परकीय नोटा तीन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात, बाकीचे कार्डावर. मला इतक्या मोठ्या आकड्यांची गरजच नव्हती, पण दुकानातल्या मुलाने एवढ्या आत्मीयतेने सांगितले की मीही गंभीरपणे मान हलवली.

आमचे मामा १९७४ मध्ये जर्मनीला शिकायला गेले तेव्हा सरकारने त्यांच्या हातावर आठ डॉलर ठेवले होते. अवघे आठ! त्या आठांतून विमानतळावर एक सँडविच खाल्ले, याची खंत ते अजून सांगतात. आणि मी दुकानात उभा राहून चाळीस पैशांनी भाव उतरवता येतो का पाहत होतो. मुंबईच्या विमानतळावर गंमत म्हणून विचारले, तर युरो अठ्ठ्याण्णव. तिथल्या खिडकीपुढे रांग होती. मला त्या रांगेतल्या लोकांची दया आली, आणि ही दया पुढे मला भोवली.

आता प्राग. शहराचे वर्णन मी करीत बसत नाही. ते इतके सुंदर आहे की वर्णनाने बिघडेल. जुन्या शहरातला चौक, त्यावर दोन काळ्या शिखरांचे तीनचे देऊळ, आणि नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचे ते प्रसिद्ध खगोलयंत्राचे घड्याळ. तिथून चिंचोळ्या गल्ल्यांतून चार्ल्स पुलाकडे निघाले की पहिल्या शंभर पावलांत काचेची भांडी, लाकडी बाहुल्या आणि पैसे बदलण्याच्या खिडक्या यांखेरीज काही दिसत नाही. खिडकीवर पाटी असते 'स्मन्येनारना'. हा उच्चार करता आल्याचा मला आनंद झाला. त्याहून आनंद झाला तो पाटीखालच्या ठळक अक्षरांचा: कमिशन शून्य टक्के.

भावाच्या फलकावर युरोपुढे दोन आकडे होते. 'नाकुप' खाली १८.००, 'प्रोदेय' खाली २५.२०. इंग्रजीतही लिहिले होते, खरेदी आणि विक्री. मी विचार केला. विचार करणे हा माझा व्यवसाय आहे. मी काय करतो आहे? मी माझ्याजवळचे युरो विकतो आहे. म्हणजे माझा भाव विक्रीचा. म्हणजे २५.२०. उत्तम! सकाळी मोबाईलवर पंचविसाच्या आतबाहेर पाहिला होता, त्याहूनही चार पैसे जास्त. मी खिडकीतून शंभराच्या चार नोटा आत सरकवल्या.

आतल्या मुलीने काही विचारले, मी हो म्हटले. तिने पावती आणि नोटा बाहेर सरकवल्या. एवढ्यात चौकातून हिची हाक आली, "अहो, चला ना! बारा वाजताहेत!" घड्याळाचा तमाशा तासाला होतो आणि बाराचा चुकवायचा नाही असे टूर मॅनेजरने बजावले होते. मी घाईघाईने नोटा मोजल्या. सात हजार दोनशे. पावतीवर पाहिले. सात हजार दोनशे. हिशेब जुळला. जुळलेला हिशेब बरोबरच असतो अशी माझी शाळेपासूनची समजूत आहे. पंचविसाला चारशेने गुणले तर दहा हजार होतात, हे गणित त्या क्षणी मला सुचले नाही. जे चौथीतल्या मुलाला सुचेल ते एम.ए. झालेल्या माणसाला सुचेलच असे नाही.

घड्याळाखाली ही गर्दी! बाराचे ठोके पडू लागले, वरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि येशूच्या शिष्यांच्या मूर्ती एकामागून एक डोकावून गेल्या. खाली घड्याळाच्या दोन्ही अंगांना चार मूर्ती आहेत. एक मृत्यू, सांगाडाच तो, घंटा वाजवतो. एक आरशात पाहणारा दिमाखी, एक तुर्क, आणि एक कंजूष. त्याच्या हातात पैशाची थैली असते आणि तो ती हलवतो. मी हिला म्हटले, "तो बघ, थैलीवाला. किती सांभाळतोय!" मग आम्ही जवळच्या एका ठेल्याशी उभे राहून कॉफी प्यालो. दोन कपांचे एकशे ऐंशी कोरुना. माझे कार्ड होते. पण सुटे करून घ्यावेत म्हणून ताईच्या पैशांतली दोनशेची नोट मोडली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जेवण नदीपलीकडे, मालास्त्राना भागातल्या एका भारतीय उपाहारगृहात होते. आमच्या टेबलावर डोंबिवलीचे एक गृहस्थ होते. सहकारी बँकेत तीस वर्षे रोखपाल, आता निवृत्त. सगळी सहल त्यांना 'काका' म्हणे. डाळभात कालवता कालवता ते सहज म्हणाले, "मला चोवीस साठ मिळाले. तुम्हाला?"

मी म्हटले, "पंचवीस वीस."

काकांचा घास हातातच राहिला. "शक्य नाही," ते म्हणाले. "पावती बघू."

मी विजयी मुद्रेने पावती दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ नेली, आणि मग अतिशय हळू आवाजात, जणू कोणाच्या घरी वाईट बातमी सांगायला आले आहेत अशा आवाजात, म्हणाले, "मास्तर, तुम्हाला अठरा मिळाले आहेत."

मला काही कळेना. मी पुन्हा सगळे तर्कशास्त्र सांगितले: मी युरो विकले, म्हणजे विक्रीचा भाव. काका म्हणाले, "फलक दुकानाचा आहे हो, तुमचा नाही. त्यावरचे सगळे दुकानाच्या तोंडून वाचायचे. ते तुमच्याकडून युरो खरेदी करतात तो खरेदीचा भाव. विक्रीचा भाव म्हणजे तुम्हाला त्यांच्याकडून युरो हवे असतील तर. आणि कमिशन शून्य असणारच! अठराला घेऊन पंचवीस वीसला विकल्यावर आणखी कमिशन कशाला हवे त्यांना?" मग त्यांनी कागदी रुमालावर दोन जोड्या लिहून दाखवल्या. १८.०० आणि २५.२०. त्यांनी बदलले त्या दुकानाची २४.६० आणि २४.८५. "हे दोन आकडे जितके जवळ तितके दुकान बरे. मधले अंतर हाच बट्टा. बाकी पाटीवर काही का लिहीत ना."

व्युत्पत्ती सांगणाऱ्या मला 'बट्टा' या शब्दाचा अर्थ डोंबिवलीच्या रोखपालाने प्रागमध्ये डाळभाताच्या ताटावर समजावून दिला. हिने मोबाईलवर गुणाकार केला. चोवीस साठने नऊ हजार आठशे चाळीस झाले असते. माझ्या हाती सात हजार दोनशे. तूट दोन हजार सहाशे चाळीस कोरुनांची, म्हणजे साडेनऊ हजार रुपयांची. ही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "वन्संचे पैसे होते हो ते."

माझे पैसे असते तर मी एव्हाना स्वतःच्या मूर्खपणावर एक विनोदी लेख मनात रचला असता. पण डोळ्यांपुढे तो बिस्किटाचा डबा आला. ताईला खरे सांगावे, तर ती रागावणार नाही, नुसती गप्प बसेल. आणि ते सोसणार नाही. खोटे सांगावे आणि पदरचे साडेनऊ हजार घालावेत, तर तिने बजावून ठेवले होते.

काका अजून पावतीच वाचत होते. रोखपाल माणूस, छापील कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय खाली ठेवत नाही. एकदम म्हणाले, "थांबा, थांबा. इथे खाली इंग्रजीत लिहिलंय." बारीक अक्षरांत लिहिले होते की व्यवहार झाल्यापासून तीन तासांच्या आत ग्राहकाला तो रद्द करता येईल.

हा कायदा तिथे एप्रिल २०१९ पासून लागू आहे, हे मला मागून कळले. प्रवाशांना बुडवण्याचा हा धंदा इतका माजला होता की सरकारलाच लाज वाटली. हजार युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांत पैसे आणि पावती घेऊन जायचे, कारण सांगावे लागत नाही, दुकानदाराने पहिली रक्कम परत करायची. फक्त आपण घेतलेली रक्कम पुरतीच्या पुरती परत द्यायला हवी.

पावतीवर वेळ होती ११.४२. घड्याळात दोनला दहा कमी. म्हणजे बावन्न मिनिटे हातात, मध्ये नदी, आणि सात हजार दोनशेपैकी एकशे ऐंशीची आम्ही कॉफी प्यालेलो! सात हजार जसेच्या तसे होते, आणि वीसचे एक नाणे. काकांनी पाकिटातून दोनशेची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "पळा. हिशेब मग करू."

त्या दोनशेच्या नोटेवर चित्र आहे कोमेन्स्कीचे, आपण ज्याला कोमेनियस म्हणून शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचले तो. सतराव्या शतकातला मास्तर. एका मास्तराची अब्रू दुसऱ्या मास्तराने राखावी, हा योगायोग मला धावतानाही जाणवला, आणि तो हिला सांगायचा मोह झाला. पण तिचा चेहरा पाहून आवरला.

चार्ल्स पूल मी असा पाहिला. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला, सुमारे पाचशे मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर संतांच्या मूर्ती. माणसे त्यांच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढत होती आणि आम्ही त्यांच्या छायाचित्रांतून धावत होतो. जगातल्या कितीतरी घरांच्या संग्रहात त्या दुपारी एक धापा टाकणारे मराठी जोडपे कायमचे नोंदले गेले असेल. पूल संपून गल्लीत शिरलो तर नवेच संकट. खिडक्या सगळ्या सारख्या, पाट्या सगळ्या सारख्या, कमिशन सगळीकडे शून्य. आमची कोणती? एका खिडकीशी मी पावती पुढे केली, तर आतल्या माणसाने तिच्यावरच्या पत्त्याकडे बोट दाखवले आणि हाताने पुढचा रस्ता दाखवला. तेव्हा पावतीवर पत्ता असतो हे कळले.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही खिडकीपुढे उभे होतो. तीच मुलगी. मी वाटेत इंग्रजीतले एक छोटे भाषण तयार केले होते. त्यात कायदा होता, अतिथीधर्म होता, विधवा बहिणीचा उल्लेखही होता. मी घसा खाकरला, पावती आणि सात हजार दोनशे आत सरकवले आणि म्हणालो, "रद्द."

तिने वर पाहिले नाही. पैसे मोजले, यंत्रावर काही बडवले, एक नवा कागद काढला, त्यावर माझी सही घेतली आणि शंभराच्या चार नोटा बाहेर सरकवल्या. भाषण तसेच राहिले. मला वाटते, दिवसातून चारपाच जण तरी तिच्याकडे असे परत येत असतील. आणि जे येत नाहीत त्यांच्यावर दुकान चालत असेल. त्या मुलीचा मला राग आला नाही. तिने मला खोटे काही सांगितलेच नव्हते. दोन्ही आकडे फलकावर होते, मला हवा तो मी वाचला.

तिथून काप्रोवा रस्ता जवळच आहे. काकांनी सांगितलेले दुकान एका बोळवजा जागेत, पाटी साधी, कमिशनचा उल्लेखही नाही. या वेळी मी शहाणा झालो होतो. आकड्यांकडे पाहिलेच नाही. ४०० युरो दुरूनच दाखवले आणि विचारले, "यांचे माझ्या हातात किती पडतील?" त्याने गणकयंत्रावर आकडा टिपून काचेकडे फिरवला. ९,८४०. मग मी नोटा दिल्या. खरे म्हणजे फलक, टक्के, खरेदी-विक्री काही कळले नाही तरी या एका प्रश्नाने भागते, आणि तो पैसे हातातून सुटण्यापूर्वी विचारायचा असतो. आजी जालन्याच्या पेठेत दुसरे काय करीत होती?

दुकानाबाहेर एक पोरगेला माणूस जवळ आला आणि हलक्या आवाजात याहून चांगला भाव देऊ लागला. काकांनी बजावले होते की रस्त्यावर बदलू नका. कोरुना म्हणून हंगेरीच्या फोरिंटच्या नोटा हातात देतात, आणि फोरिंटाची किंमत कोरुनाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतकी. नवख्याला दोन्हींवरची अक्षरे सारखीच अगम्य. आम्ही त्याला नमस्कार केला. खरोखरच हात जोडले. तो गोंधळून गेला.

मग एका बाकावर बसून मी नोटा निवांत पाहिल्या. हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की. आणि पाचशेच्या नोटेवर, वाचकहो, एक लेखिका! बोझेना न्येम्त्सोव्हा. १८५५ साली तिने 'बाबिच्का' म्हणजे 'आजी' नावाचे पुस्तक लिहिले आणि ते तिकडे घरोघर वाचतात. बाई १८६२ मध्ये गेली ती हलाखीत, पैशापैशाला महाग होऊन. आणि आज तिच्याच चेहऱ्यावर देश व्यवहार करतो. लेखकाला मेल्यावर मान मिळतो हे आपल्याकडेही आहे. पण नोटेवर अजून पोचलेला नाही.

तामडे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले. कुडी आणि एक पदक, मिळून ९,२५०, प्रमाणपत्रासकट. दुकानदारीणबाई कार्ड घ्यायलाही तयार होत्या. प्रामाणिकपणे सांगायचे तर कार्डाने हा सगळा प्रकार टळला असता. आपल्या बहुतेक बँका परदेशातल्या खर्चावर दोन ते साडेतीन टक्के जास्त घेतात. पण अठराच्या भावापुढे ते पुण्य म्हणायचे. तिथेही एक फट आहे. कार्डाचे यंत्र मोठ्या अगत्याने विचारते, रुपयांत देता की कोरुनांत? आपला रुपया पाहून माणूस विरघळतो आणि रुपयाचे बटण दाबतो. मग भाव दुकानाच्या बाजूने ठरतो, आणि तो बहुधा महाग असतो. तिथले नाणे निवडावे. आमच्या गटातल्या एका डॉक्टरांनी रुपये निवडले आणि बिल पाहून दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. मला त्यांच्याशी बोलावेसे वाटले, पण काय बोलणार?

काकांचे दोनशे मी त्याच संध्याकाळी फेडले होते. खर्च जाऊन ताईच्या पैशांतले चारशे दहा कोरुना उरले. शंभराच्या चार नोटा आणि दहाचे नाणे. ते मोडत बसलो नाही. नाणी तर बदलणारे बहुधा परत घेतच नाहीत. शिवाय दोन हजार डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा आपल्याला जवळ ठेवता येतात. त्यावरच्या असतील तर परतल्यावर एकशे ऐंशी दिवसांत मोडाव्या लागतात. चारशे दहा कोरुनांसाठी सरकार माझ्या घरी येईल असे वाटले नाही.

जूनमध्ये औरंगाबादला गेलो. ताईने कुडी हातात घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ तशीच उभी होती. मग डबीत ठेवली, डोळे पुसले, आणि चष्मा लावून वही काढली.

"भाव काय मिळाला रे?"

"चोवीस साठ," मी म्हणालो. ते खरे होते. मी काप्रोवा रस्त्यावरची पावती पुढे केली. दुसरी, रद्द झालेली, पुण्यात कपाटात होती. हिने माझ्याकडे पाहिले आणि मग पंख्याकडे पाहू लागली.

ताईने पुण्यातले तीनशे चौऱ्याहत्तर रुपये जमेला धरले. पावतीवरचे नऊ हजार आठशे चाळीस लिहिले. त्यातून नऊ हजार दोनशे पन्नास वजा केले. नोटा मोजल्या, नाणे बाजूला ठेवले. मग पेन्सिल वहीवर टेकवून म्हणाली, "पाचशे नव्वद उरायला हवेत. हे चारशे दहा आहेत. एकशे ऐंशी कुठे गेले?"

हिला हसू आवरेना. मी काही बोलायच्या आत तिने घड्याळ, डाळभात, पूल, कोमेन्स्की, सगळे सांगून टाकले. माझे भाषण वाया गेल्याचेसुद्धा. ताई मध्ये एकदाही बोलली नाही. अठराचा भाव ऐकल्यावर तिने फक्त डबीचे झाकण एकदा उघडून पुन्हा लावले.

सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, "कॉफी बरी होती का?"

"कडू होती," मी म्हणालो.

तिने वहीत लिहिले: 'कॉफी, कप दोन, १८०.' आणि त्याच्यापुढे, 'येणे' या सदराखाली, माझे नाव घातले.